टॅग मारला म्हणजे बेसलाइन झाली का?

प्रश्न थोडक्यात असा. गाडीच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पुण्यातल्या एका टीममध्ये, सहा वर्षं कोड लिहिलेल्या इंजिनिअरकडे अचानक कॉन्फिगरेशन मॅनेजरची, म्हणजे कुठल्या रिलीजमध्ये कशाची कुठली आवृत्ती गेली याचा हिशेब ठेवण्याची, जबाबदारी आली आहे. आधीचे गृहस्थ नोकरी बदलून गेले आणि जाताना एक एक्सेल शीट हातात ठेवून गेले. ए-स्पाइसचं असेसमेंट, म्हणजे गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या कामाची पद्धत तपासणारी परीक्षा, तोंडावर आहे. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल. आम्ही प्रत्येक रिलीजला गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) टॅग मारतोच, म्हणजे त्या आवृत्तीला नाव देतोच, मग असेसर 'बेसलाइन दाखवा' म्हणतो तेव्हा त्याला आणखी काय हवं असतं? बेसलाइन किती वेळा काढायची? आणि तिसरं, जे मला खरं दुखणं वाटतं: रिलीज कस्टमरकडे पोचल्यावर दोन दिवसांनी एक ओळ बदलायची वेळ आली. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, "नाव तेच राहू दे, टॅग पुढे सरकव, सगळी कागदपत्रं परत कोण करत बसणार?" अशा वेळी काय करायचं?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. टॅग सरकवू नका. एक ओळ असो की एक स्वल्पविराम. का, ते पुढे सांगतो. पण मॅनेजरांचं गाऱ्हाणंही खोटं नाही, त्यावरही बोलू.

आधी व्याख्या, कारण असेसर तिथूनच सुरू करेल. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1990 च्या परिभाषाकोशात, म्हणजे 610.12 मध्ये, बेसलाइनच्या व्याख्येला तीन पाय आहेत. वस्तू रीतसर तपासून मान्य झालेली असावी, पुढचं काम तिच्यावर उभं राहावं, आणि नंतर तिच्यात बदल करायचा तर तो बदल-नियंत्रणाच्या ठरलेल्या वाटेनेच व्हावा. गिटचा टॅग यातलं एकही काम करत नाही. तो एका कमिटला, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या एका अवस्थेला, नाव देतो, बस. तपासणी झाली की नाही हे त्याला ठाऊक नसतं, त्यावर कोण काय उभारतंय हेही नाही, आणि हक्क असलेला कुणीही त्याला उचलून दुसऱ्या कमिटवर ठेवू शकतो.

व्याख्या असेसरसाठी. रोजच्या कामात मी वेगळी कसोटी लावतो: सहा महिन्यांनी, दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या मशिनवर, तुम्हाला एकही फोन न करता तीच हेक्स फाइल, म्हणजे कंट्रोलरवर चढवायची तयार फाइल, काढून दाखवायची. जमलं तर तुमच्याकडे बेसलाइन आहे. नाही जमलं तर तुमच्याकडे फक्त एक नाव आहे.

ही कसोटी मला सुचलेली नाही, अंगावर आलेली आहे. मी या कामात पडलो तेव्हा सीव्हीएस होतं, मग बरीच वर्षं क्लिअरकेसवर गेली; दोन्ही गिटसारखीच, पण जुनी टूलं. क्लिअरकेसमध्ये कुठल्या फाइलची कुठली आवृत्ती तुम्हाला दिसावी हे कॉन्फिग स्पेक नावाच्या नियमांच्या यादीवरून ठरायचं. नियम वरून खाली वाचायचे, पहिला लागू पडेल तो घ्यायचा. आमच्या रिलीजच्या स्पेकमध्ये वर नियम होता, 'हे लेबल असलेली आवृत्ती घे' (लेबल म्हणजे तिथला टॅग). आणि त्याच्याखाली कुणीतरी सोयीसाठी घातलेली एक ओळ होती, 'लेबल नसेल तर मुख्य ब्रँचवरची (चालू कामाच्या मुख्य धारेवरची) सगळ्यात नवी घे'. लेबल लावणाऱ्या स्क्रिप्टने एक डिरेक्टरी गाळली. रिलीजच्या दिवशी काहीच बिघडलं नाही, कारण त्या दिवशी सगळ्यात नवी आवृत्ती हीच बरोबर आवृत्ती होती. बिल्ड निघाला, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल तयार झाली, टेस्ट पास झाल्या, कंट्रोलरचा डबा पाठवला.

तीन महिन्यांनी कस्टमरची तक्रार आली. आम्ही तेच लेबल लावून बिल्ड काढला, टेस्ट बेंचवर चढवला, तक्रार येईना. पुन्हा काढला, येईना. चार माणसं आठवडाभर त्या बेंचसमोर बसली होती. शेवटी आम्ही शिष्टपणे कळवलं, "आमच्याकडे हा प्रॉब्लेम दिसत नाही, वायरिंग तपासा." पलीकडच्या माणसाने दुसऱ्या दिवशी दोन हेक्स फाइल शेजारी शेजारी ठेवून पाठवल्या, एक त्यांना दिलेली आणि एक आमची ताजी. दोन्हींचं नाव एक, आतले बाइट वेगळे. मधल्या तीन महिन्यांत त्या गाळलेल्या डिरेक्टरीत कुणीतरी तोच दोष नकळत दुरुस्त केला होता, आणि आमची 'जुनी' बेसलाइन गुपचूप त्याच्यासोबत पुढे सरकत होती.

त्यानंतर मी रिलीजच्या प्रत्येक स्पेकमधली ती खालची ओळ काढायला लावली. लेबल नसेल तर फाइल दिसूच नये. बिल्ड तिथेच मोडला तर उत्तम, निदान कळतं तरी.

आता तुम्ही म्हणाल, गिटमध्ये हे होतच नाही. नेमकं हे होत नाही, खरंय. गिटचा एक कमिट म्हणजे त्या क्षणाचं अख्खं झाड, त्यातून एखादी डिरेक्टरी गळायला जागाच नाही. पण ती खालची ओळ मेलेली नाही, तिने घर बदललंय. बिल्ड सर्व्हरवरची डॉकर इमेज (बिल्डला लागणाऱ्या टूलांची तयार पेटी) 'लेटेस्ट' नावाने खेचली जाते का? ती खालची ओळ. पायथनच्या स्क्रिप्टना लागणारी पॅकेजेस 'या आवृत्तीच्या वरची कुठलीही' अशी मागितली आहेत का? तीच. सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेलं कोडचं दुसरं भांडार (रिपॉझिटरी), ठरावीक कमिटवर न ठेवता प्रत्येक बिल्डला त्याच्या ब्रँचच्या टोकावरून ओढता का? जनरेटर टूल नेटवर्क ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमधून चालतं आणि तो फोल्डर टूल टीम अधूनमधून अपडेट करते का? तुमच्या नव्या जबाबदारीतला पहिला आठवडा या ओळी शोधण्यात घालवा. असेसमेंटच्या तयारीपेक्षा तो जास्त कामी येईल.

मोठ्या फाइलींसाठी गिट एलएफएस वापरत असाल तर आणखी एक. तुमच्या टॅगमध्ये त्या फाइली नसतात, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या छोट्या फाइली असतात. जागा कमी पडते म्हणून कुणी एलएफएसच्या सर्व्हरवर झाडू मारला तर टॅग जागच्या जागी राहतो आणि आतून पोकळ होतो.

मग बेसलाइनमध्ये काय काय धरायचं? आपल्या क्षेत्रात कोड हा त्यातला लहान वाटा असतो. कंपायलरची (कोडचं मशिनच्या भाषेत रूपांतर करणारं टूल) नेमकी आवृत्ती आणि त्याला दिलेले सगळे पर्याय, लिंकर फाइल, विकत घेतलेलं बेसिक सॉफ्टवेअर, ऑटोसारचं (गाड्यांच्या सॉफ्टवेअरची ठरलेली रचना) कॉन्फिगरेशन आणि त्यातून कोड तयार करणाऱ्या टूलची आवृत्ती, कॅलिब्रेशनचा डेटा आणि त्याच्या जोडीची ए-टू-एल फाइल (कुठलं मूल्य मेमरीत कुठे आहे ते सांगणारी), रिक्वायरमेंट्सच्या टूलमधल्या बेसलाइनचा क्रमांक, कुठल्या टेस्ट केसेस चालवल्या आणि त्यांचे रिपोर्ट, माहीत असूनही सोडलेल्या दोषांची यादी. हे सगळं एका रिपॉझिटरीत मावत नाही आणि मावावं असा हट्टही धरू नका. रिक्वायरमेंट्स एका टूलमध्ये, टेस्ट दुसऱ्यात, कोड गिटमध्ये, असंच असणार. म्हणून वर एक जंत्री लागते: एक साधी टेक्स्ट फाइल, जिच्यात या प्रत्येक वस्तूचा पत्ता, आवृत्ती आणि चेकसम (फाइलच्या बाइटांवरून काढलेला ओळख-आकडा) लिहिलेला असतो. तुमची बेसलाइन म्हणजे खरं तर ही जंत्री. टॅग हा तिच्यातल्या एका रकान्यातला मजकूर.

एक्सेल शीट वारशात मिळालीय म्हणालात. ती फेकू नका, पण तिच्यावर विश्वासही ठेवू नका. माणसाने हाताने भरलेली जंत्री म्हणजे त्या माणसाची आठवण. जंत्री बिल्डच्या स्क्रिप्टनेच लिहावी. कंपायलरला त्याची आवृत्ती विचारावी आणि उत्तर नोंदवावं, मागच्या रिलीजची ओळ कॉपी करून चिकटवू नये. मी पाहिलेल्या हातच्या शीटमध्ये सगळ्यात जास्त चुका कंपायलरच्याच रकान्यात असतात, कारण तो क्वचित बदलतो आणि बदलतो तेव्हा कुणाच्या लक्षात राहत नाही.

चेकसम कशाचा घ्यायचा यातही गंमत आहे. 30 जानेवारी 2023 ला जगभरातल्या बऱ्याच टीमचे बिल्ड एकाएकी मोडले. गिटहब (कोड ठेवायची साइट) टॅगवरून जी दाबलेली सोर्स फाइल तयार करून देतं, ती दाबण्याची पद्धत गिटच्या नव्या आवृत्तीत बदलली होती. आतला कोड अक्षरही न हलता तोच होता, पण बाहेरच्या फाइलचे बाइट वेगळे, म्हणून चेकसम वेगळा. गिटहबने त्याच दिवशी बदल मागे घेतला. आपण काय घ्यायचं यातून? मागणी केल्यावर तयार होणाऱ्या फाइलचा चेकसम धरू नका. जी वस्तू दिली ती स्वतः एका ठिकाणी कायमची ठेवा आणि तिचा धरा.

याचीच दुसरी बाजू: दोनदा बिल्ड केलं तर तीच हेक्स निघते का? बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रयत्नात नाही निघत. कारण कोडमध्ये कुठेतरी बिल्डची तारीख-वेळ टाकणारा मॅक्रो बसलेला असतो. तो काढा आणि त्याऐवजी कमिटची तारीख वापरा. जीसीसी या मोफत कंपायलरमध्ये 7 व्या आवृत्तीपासून बाहेरून ठरावीक वेळ देण्याची सोय आहे, आपल्या क्षेत्रातल्या महागड्या कंपायलरांचं मात्र एकेकाचं मॅन्युअल उघडावं लागेल. मग डिरेक्टरीचा पूर्ण पत्ता बायनरीत शिरलेला सापडेल, मग फाइली लिंक होण्याचा क्रम. दोन-तीन आठवड्यांचं चिवट काम आहे, पण एकदा झालं की 'हीच ती फाइल का' या प्रश्नावरचे वाद कायमचे संपतात.

आता टॅग सरकवण्याकडे येतो. तांत्रिक कारण आधी. ज्याने तुमचा टॅग एकदा खेचलाय, त्याच्याकडे साध्या फेचने (सर्व्हरवरचं नवं आणून घेणारी कमांड) तो बदलत नाही. म्हणजे तुम्ही सर्व्हरवर टॅग सरकवलात की टेस्टरच्या मशिनवर जुना, बिल्ड सर्व्हरवर नवा, आणि दोघंही प्रामाणिकपणे एकाच नावाबद्दल बोलताहेत. माझ्या क्लिअरकेसच्या गोष्टीत जे अपघाताने झालं ते तुम्ही हाताने घडवताय. गिटच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये यावर एक टिपण आहे आणि सल्ला सरळ आहे: चुकलं असं कबूल करा आणि नवं नाव द्या.

सरकते टॅग किती महागात पडतात हे मार्च 2025 मध्ये दिसलं. गिटहबवर 'टीजे-अॅक्शन्स' यांची, बदललेल्या फाइली शोधून देणारी एक तयार अॅक्शन (बिल्डमध्ये जोडायची स्क्रिप्ट) आहे, ती 23,000 हून जास्त रिपॉझिटरीज वापरत होत्या. हल्लेखोराने नवी आवृत्ती काढलीच नाही. असलेले आवृत्त्यांचे टॅग उचलून आपल्या घातक कमिटवर नेऊन ठेवले. ज्यांनी टॅगच्या नावाने ती बांधली होती, त्यांच्या बिल्डच्या लॉगमध्ये गुप्त चाव्या छापल्या गेल्या. ज्यांनी पूर्ण कमिट हॅश (कमिटच्या मजकुरावरून निघणारा, न बदलणारा क्रमांक) लिहून बांधली होती त्यांना झळ लागली नाही. म्हणून जंत्रीत टॅगचं नाव लिहा हवं तर, पण शेजारी पूर्ण हॅश लिहाच.

आणि हे माणसांच्या शहाणपणावर सोडू नका. टॅग साधा नको, अॅनोटेटेड हवा: त्यात कुणी, कधी, का मारला हे राहतं, आणि टॅगवरून बिल्डला नाव देणारी गिटची डिस्क्राइब कमांड मुळात त्यालाच मोजते. सर्व्हरवर टॅग हलवणं आणि पुसणं बंद करा. गिटलॅबला प्रोटेक्टेड टॅग आहेत, गिटहबला रूलसेट आहेत. स्वतःचा साधा सर्व्हर असेल तर गिटसोबत येणाऱ्या अपडेट हुकच्या (बदल स्वीकारण्याआधी सर्व्हरवर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) नमुन्यात ही मनाई आधीच लिहिलेली आहे, फक्त तो चालू करायचा. सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या टूलवर असाल तर आणखी जपा. तिथे टॅग म्हणजे एक साधी कॉपी असते आणि तिच्यात कुणीही निवांत कमिट करू शकतं. हुक लावल्याशिवाय तो टॅग म्हणजे फक्त नावाने टॅग असलेली ब्रँच.

तांत्रिक नसलेलं कारण मी गावाकडच्या भाषेत सांगतो. सातबारावर नाव बदलायचं असेल तर तलाठी जुनं नाव खरवडून नवं लिहीत नाही. फेरफार नोंद घालतो, हरकतीसाठी मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग जुन्या नावाला कंस होतो आणि नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक येतो. जुनं नाव कंसात का होईना, वाचता येतं. चाळीस वर्षांनी भावाभावांत तंटा उभा राहिला तर तो क्रमांक धरून मागे मागे जाता येतं. बदल-नियंत्रण म्हणजे एवढंच. चेंज रिक्वेस्ट ही फेरफार नोंद, चेंज कंट्रोल बोर्ड हा मंडळ अधिकारी. रिलीज 2.1 ला कंस करा, 2.1.1 लिहा, शेजारी चेंज रिक्वेस्टचा नंबर टाका. खाडाखोड केलेला उतारा कुठल्याही कचेरीत चालत नाही, आपल्याकडे का चालावा?

आता मॅनेजरांची बाजू. ते टॅग सरकवा म्हणतात ते अज्ञानातून नाही. तुमच्याकडे नवी बेसलाइन काढायला दोन दिवस लागत असणार: शीट भरा, तीन टूलमध्ये क्रमांक काढा, रिलीज नोट वर्डमध्ये टाइप करा, पाच सह्या घ्या. एका ओळीसाठी दोन दिवस म्हटल्यावर कुणीही आडवाट शोधेल. माणसांना नियम सांगून उपयोग नसतो, सरळ वाट आडवाटेपेक्षा स्वस्त करावी लागते. आमच्याकडे हे भांडण तेव्हा संपलं जेव्हा टॅग, बिल्ड, जंत्री, रिलीज नोटचा कच्चा मसुदा आणि मागच्या बेसलाइनशी फरकाची यादी हे सगळं एका पाइपलाइनमधून (ओळीने आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) चहा पिऊन येईपर्यंत तयार व्हायला लागलं. सह्यांचंही बघा. एका ओळीच्या बदलाला पाच माणसं लागत नाहीत. बदल कुठे झाला, त्याचा परिणाम कुठवर जातो, कुठल्या टेस्ट परत चालवायच्या, हे ठरवणारा एक आणि मान्य करणारा एक, पुरे. सेफ्टीशी संबंध असेल तर तिसरा. बोर्ड आठवड्यातून एकदा गुरुवारी बसतं म्हणून सोमवारी सापडलेला दोष तीन दिवस पडून राहत असेल, तर लोक बोर्डाला वळसा घालणारच.

एक गोष्ट मात्र दर वेळी हाताने तपासा. रिलीज ब्रँचवर केलेली दुरुस्ती मुख्य ब्रँचवर परत गेली का? दोष दुरुस्त होतो, कस्टमर खूश होतो, आणि पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये तोच दोष हसत हसत परत येतो. चेंज रिक्वेस्ट बंद करण्याच्या अटींतच 'मुख्य ब्रँचवरचा कमिट' हा रकाना घाला. रिकामा असेल तर बंद होऊ देऊ नका. मुद्दाम नेली नसेल तर तसं कारण लिहा.

किती वेळा काढायची, यावर पुस्तकात फंक्शनल, अलोकेटेड आणि प्रॉडक्ट अशा तीन बेसलाइन सापडतील. ती वाटणी अमेरिकी लष्करी खरेदीतून आलेली आहे, आणि तिचा गाभा आजही पटतो: आधी काय हवं ते गोठवा, मग कुठल्या भागाने काय करायचं ते, मग प्रत्यक्ष बनलेली वस्तू. आपल्याकडे ते ए सॅम्पल, बी सॅम्पल, सी सॅम्पल (कस्टमरला टप्प्याटप्प्याने द्यायचे नमुने), मग उत्पादनाची सुरुवात, या टप्प्यांवर बसतं. पण रोजच्या निर्णयाला माझा नियम साधा आहे. वस्तू तुमच्या हातातून बाहेर जात असेल, म्हणजे कस्टमरकडे, गाडीत, किंवा दुसऱ्या टीमच्या टेस्ट बेंचवर, तर बेसलाइन. कुणी दुसरा तिच्यावर पुढचं काम उभं करणार असेल, जसं रिक्वायरमेंट्सवर डिझाइन, तरी बेसलाइन. बाकी सगळ्याला बिल्ड नंबर पुरे. रोज रात्रीच्या बिल्डला बेसलाइन म्हणणाऱ्या टीम मी पाहिल्यात. तीनशे नावं जमतात आणि त्यातली कुठली कस्टमरकडे आहे हे सांगायला पुन्हा तीच एक्सेल शीट उघडावी लागते.

नावाबद्दल एकच: नावात 'फायनल' हा शब्द नको. त्याच्यामागोमाग 'फायनल 2' येतंच येतं.

आता जो भाग बहुतेक टीम विसरतात. बेसलाइन कागदावर शुद्ध असून भागत नाही, जिथे चढवली तिथे तीच आहे का हे बघावं लागतं. 1 ऑगस्ट 2012 चं नाइट कॅपिटलचं प्रकरण आपल्या क्षेत्रातलं नाही, पण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. अमेरिकेतली शेअर्सची मोठी उलाढाल करणारी ही कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहिला, आणि दुसऱ्या कुणी ते तपासलं नाही. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू करणारी खूण) नव्या कामाला जुंपला होता. आठव्या सर्व्हरवर तोच फ्लॅग 'पॉवर पेग' नावाच्या, 2003 पासून वापरात नसलेल्या पण कोडमध्ये तशाच पडून राहिलेल्या भागाला जागं करायचा. 45 मिनिटांत 154 शेअर्समध्ये 40 लाखांहून जास्त सौदे झाले आणि तोटा 46 कोटी डॉलरच्या वर गेला. त्यातही घाईघाईने केलेला उपाय बघा: त्यांनी बाकीच्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला, म्हणजे जुना भाग तिथेही जागा झाला. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे दोन मिनिटांत सांगणारी जंत्री हाताशी असती, तर उपाय नेमका उलटा सुचला असता.

आपल्याकडे ही तपासणी सोपी आहे आणि तरी केली जात नाही. डायग्नॉस्टिक प्रोटोकॉलमध्ये (तपासणीच्या यंत्राने कंट्रोलरशी बोलायचे ठरलेले नियम) सॉफ्टवेअर आवृत्तीसाठी ठरलेले ओळख क्रमांक आहेत. एफ189 हा गाडी बनवणाऱ्याचा, एफ195 हा आपला, म्हणजे पुरवठादाराचा. एफ195 मधून जे वाचलं जातं ते कुठून येतं, ते आजच बघा. हेडर फाइलमध्ये कुणीतरी हाताने टाइप केलेली स्ट्रिंग असेल तर ती कधी ना कधी चुकणार. ती बिल्डच्या वेळी टॅगवरून आपोआप बसावी, आणि सोबत कमिटच्या हॅशची पहिली काही अक्षरंही कंट्रोलरच्या फ्लॅश मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर असावीत. काम चालू असलेल्या, कमिट न केलेल्या कोडमधून बिल्ड निघाला तर डिस्क्राइब त्याच्यापुढे 'डर्टी' अशी शेपटी लावू शकतं. ती शेपटी असलेला बिल्ड पाइपलाइनने रिलीज म्हणून घ्यायलाच नकार द्यावा. स्वतःच्या लॅपटॉपवरून 'फक्त कस्टमरला दाखवायला' म्हणून दिलेली हेक्स गाडीत वर्षभर राहिलेली मी पाहिली आहे.

युरोपात गाड्या विकणाऱ्यांसाठी हा आता नुसत्या शिस्तीचा प्रश्न राहिलेला नाही. जानेवारी 2021 मध्ये अमलात आलेला संयुक्त राष्ट्रांचा आर156 नियम गाडीच्या सॉफ्टवेअर अपडेटबद्दल आहे. मंजुरीशी संबंधित सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्त्या कुठल्या ओळख क्रमांकाखाली आहेत आणि त्या अस्सल आहेत हे कसं पडताळायचं, याची नोंद कंपनीला ठेवावी लागते. ती नोंद शेवटी तुमच्या जंत्रीवरूनच तयार होणार. मुंबईत शेअर बाजाराशी निगडित सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या मित्रांनाही सेबीच्या ऑगस्ट 2024 च्या सायबर चौकटीपासून सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवावी लागते. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या सर्रास वापरल्या जाणाऱ्या घटकातलं भगदाड उघडं पडलं तेव्हा प्रत्येक कंपनीत एकच प्रश्न विचारला जात होता, 'आपल्या कुठल्या रिलीजमध्ये हे आहे?' ज्यांच्या जंत्रीत घटक लिहिलेले होते त्यांनी शोध घेतला आणि उत्तर दिलं. बाकीच्यांनी सर्व्हरमागून सर्व्हर उघडून बघितले.

राहिली परत उभी करण्याची रंगीत तालीम. दर तीन महिन्यांनी एक जुनी बेसलाइन निवडा, टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला कोरं मशिन द्या आणि सांगा, हिची हेक्स काढ, जंत्रीतल्या चेकसमशी जुळव, कुणाला काही विचारू नकोस, अडलं तर फक्त लिहून ठेव. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा दोन आठवडे गेले आणि शेवटी हेक्स जुळली नाहीच. कंपायलरच्या त्या आवृत्तीचा परवाना संपला होता. इन्स्टॉलर ज्या सर्व्हरवर होता तो सर्व्हर भंगारात गेला होता. एक स्क्रिप्ट 'डी' ड्राइव्ह आहे असं गृहीत धरून चालत होती. हे तिन्ही घोळ कुठल्याही ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये सापडले नसते. गाडी रस्त्यावर पंधरा वर्षं राहते आणि तेवढी वर्षं तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीची वेळ येऊ शकते, म्हणून इन्स्टॉलर, परवान्याची व्यवस्था आणि गरज पडली तर बिल्ड मशिनची अख्खी इमेज हीदेखील बेसलाइनच्या सोबत जपून ठेवायची असते.

असेसमेंटचं म्हणाल, तर एसयूपी 8 मध्ये (ए-स्पाइसचा कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचा भाग) अनुभवी असेसर बहुधा तुमची प्रक्रिया वाचत बसत नाही. तो शेवटच्या तीन रिलीजपैकी एक बोट ठेवून निवडतो आणि धागा ओढतो: ही कुठल्या रिक्वायरमेंट बेसलाइनवर आहे, यात कुठल्या चेंज रिक्वेस्ट शिरल्या, त्या कुणी मान्य केल्या, टेस्ट रिपोर्ट याच बिल्डचा कशावरून. त्याने बोट ठेवायच्या आधी तुम्हीच त्या तिन्हींचा धागा एकदा ओढून बघा. जिथे तुटेल तिथे मागच्या तारखेची कागदपत्रं तयार करू नका, ती ओळखू येतात. तुटलं ते समस्या म्हणून नोंदवा, तिला मालक आणि तारीख लावा आणि तशीच दाखवा. आणि तो दोन दिवसांपूर्वीचा टॅग कुणी आधीच सरकवला असेल, तर कस्टमरकडच्या हेक्सचा चेकसम आज मागवून घ्या. मूळ कमिट कुठलं होतं ते टेस्टरच्या मशिनवर अजून जिवंत असण्याची शक्यता बरीच आहे, त्याला सांगा काही पुसू नकोस.